सेव्हिल येथील पहिले दोन दिवस

स्पेनच्या दक्षिण भागांत, ग्वादलकिव्हिर नदीच्या कांठीं, सेव्हिल नांवाचें एक प्राचीन नगर आहे. एका मे महिन्यांत आम्ही उभयतां तेथें गेलों होतों. हा प्रवास पांच वर्षें लांबणीवर पडला होता. आधीं मुलांचीं शिक्षणें आडवीं आलीं, आणि पुढें सौभाग्यवतीचे गुडघे. "जिने टाळा," एवढाच डॉक्टरांचा उपदेश. आणि परदेशांतील प्रेक्षणीय स्थळें म्हणजे बहुधा जिनेच!

पहिल्या दिवशीं मात्र दगा दिला तो पोटानें. बारा वाजतांच भूक लागली. पण ज्या खानावळींत जावें तेथें चूल थंड. दुपारचें जेवण दीड-दोनपूर्वीं नाहीं, आणि रात्रीचें साडेआठच्या आधीं मिळणें दुरापास्त. उन्हांत तीन गल्ल्या पालथ्या घातल्यावर माझा तोल सुटला. सारा दोष मीं तेथील लोकांच्या आळसावर ठेवला, आणि थोडासा हिच्या सावकाश चालण्यावरही. ती कांहीं बोलली नाहीं. रस्त्याच्या कडेला संत्र्याच्या झाडाखालीं जाऊन बसली. (या झाडांचीं संत्रीं कडू असतात, हें सांगून ठेवतों. इंग्रज लोक त्यांचाच मुरंबा करतात.)

रात्रीचे नऊ वाजले तरी ऊन होतें, तेव्हां खरा प्रकार उमगला. सेव्हिल ग्रीनिचच्याही पश्चिमेस आहे. परंतु १९४० मध्यें स्पेननें आपलीं घड्याळें एक तास पुढें नेऊन मध्य युरोपाशीं जुळविलीं, तीं तशींच राहिलीं. उन्हाळ्यांत आणखी एका तासाची भर पडते. त्यामुळें मे महिन्यांत सूर्य माथ्यावर येतो तो दोन वाजून गेल्यावर. म्हणजे अडीच वाजतां जेवणारा माणूस आळशी नव्हे. सूर्याच्या हिशेबानें तो आपल्या आजोबांइतकाच वेळेवर पानावर बसतो! ही चूक मीं तात्काळ कबूल केली. दुसरी कबूल करण्यास रात्र जावी लागली.

तेथें लहान लहान बशांतून निरनिराळे पदार्थ मागवून खाण्याची रीत आहे. त्यांस 'तापास' म्हणतात. आम्ही शाकाहारी. टोमॅटोच्या घट्ट, गार सारावरही डुकराच्या मांसाचे तुकडे भुरभुरलेले असतात, म्हणून विचारूनच घ्यावें लागे. पण पालक आणि काबुली चणे यांची एक भाजी मिळाली. तींत लसूण आणि जिरें. पहिल्याच घांसाला ही म्हणाली, "अहो, ही तर आपल्या घरची!" दिवसभरांतलें तिचें तें पहिलें वाक्य. आम्हीं आणखी दोन बशा मागविल्या.

दुसऱ्या दिवशीं तेथील मुख्य चर्च पाहिलें. पूर्वीं येथें मोठी मशीद होती. पंधराव्या शतकांत त्या जागीं या अवाढव्य इमारतीचें काम सुरू झालें. कोलंबसाची शवपेटी खांद्यावर घेतलेले चार पुतळे आंत आहेत. मशिदीचा बाराव्या शतकांतील मनोरा मात्र राखला, आणि सोळाव्या शतकांत त्यावर घंटाघर चढविलें. त्यालाच हिराल्दा म्हणतात.

मीं एकट्यानें वर जावें आणि हिनें संत्र्यांच्या चौकांत बसावें, असा बेत होता. दाराशीं जाऊन पाहतों तों आंत जिनाच नाहीं! भिंतीलगत वळत वळत जाणारे पस्तीस उतार आहेत. बांग देणारास घोड्यावर बसून वर जातां यावें म्हणून ते बांधले, असें सांगतात. मी हें सांगण्यास चौकांत परतलों, तर ही पदर खोंचून उभीच!

दर वळणावर अंक लिहिलेला आहे. ही तेथें थांबे, अंक मोठ्यानें वाची, आणि पुढें निघे. मी पिशवी घेऊन मागें. एकविसाव्या वळणावर मीं कालच्या बोलण्याबद्दल क्षमा मागितली. "तिसाव्यावर सांगतें," असें म्हणून ती चालूं लागली. तिसावें आलें आणि गेलें. ती कांहीं बोलली नाहीं. शेवटीं थोड्या पायऱ्या आहेत, तेथें मात्र तिनें माझ्या खांद्यावर हात ठेवला.

वर वारा होता. खालीं पांढरीं घरें, नदी, पलीकडे त्रियानाची वस्ती. घंटांखालीं उभी राहून तिनें बराच वेळ सारें पाहिलें. मग घड्याळाकडे न बघतां म्हणाली, "सूर्य माथ्यावर आला. चला, आतां चूल पेटली असेल."