पाना आपल्याही हातात

मैत्रिणींनो, मारुती ८०० बनवणं २०१४ मध्ये थांबलं, पण बीडच्या रस्त्यांवर ती अजून दिसते. रात्री एखादीला अंबाजोगाईला दवाखान्यात न्यायचंय आणि गाडी धक्के देतेय, तेव्हा कुणाची वाट बघायची? तीन सिलिंडर, प्लगही तीनच. इंजिन थंड होऊ द्या. वायरी एकेक करून, टोपी धरून काढा, अदलाबदल नको. भोवतालची धूळ पुसा, ती आपल्याकडे भरपूर! नवा प्लग आधी बोटांनीच बसवा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले की खर्च मोठा. जुन्यावर कोरडी काजळी दिसली तर बहुधा पेट्रोल जास्त जातंय, तेलकट असेल तर ऑइल जळतंय. एवढं कळलं की गॅरेजवाल्याला प्रश्न विचारता येतात. पाना आणलाय, या पुढे.