हार नको, समई लावू या
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा गोषवारा)



यंदाच्या देखाव्यात कार्यकर्त्यांनी शूर जवानांच्या तसबिरी मांडल्या आहेत. सर्व तसबिरींना हार घातले. एका तसबिरीपाशी मात्र मतभेद झाले. ती तसबीर फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांची. त्यांना हार घालावा की नाही, यावर मला दोन शब्द बोलायचे आहेत.

आपल्यापैकी बरेच जण गलाईच्या धंद्यासाठी खानापूर-आटपाडीकडून इकडे आले. तिकडे घरटी एखादा फौजी असतोच, त्यामुळे लढाई आपल्याला परकी नाही. येथून सुमारे ४० किलोमीटरवर तंजावूरचा हवाई तळ आहे. तेथे २०२० च्या जानेवारीत सुखोई विमानांची २२२ क्रमांकाची तुकडी दाखल झाली. १९७१ च्या युद्धात हीच तुकडी सुखोई-७ ही जुनी, एका वैमानिकाची विमाने उडवीत होती. तांबे दुसऱ्या तुकडीत होते, पण विमान तेच. ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी पंजाबातील शोरकोट रोडच्या तळावर हल्ला करायला ते गेले आणि परतले नाहीत.

त्यांच्या पत्नी दमयंतीताई राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. त्याच सुमारास ढाक्याच्या एका इंग्रजी वृत्तपत्रात भारतीय वैमानिक पकडल्याची बातमी आली. त्यातले एक नाव स्पेलिंगच्या थोड्या फरकाने 'तांबे' असेच वाचता येत होते. म्हणजे माणूस जिवंत हाती लागला होता, असे घरच्यांनी मानले तर त्यात त्यांचे काय चुकले?

सिमला करार झाला. पुढे पाकिस्तानचे सुमारे ९३ हजार कैदी सुखरूप मायदेशी गेले. आपलेही कैदी परतले, पण तांबे त्यांत नव्हते. असे ५४ जण पाकिस्तानच्या ताब्यात असावेत, असे भारत सरकार सांगत आले. आमच्याकडे कोणी नाही, असे पाकिस्तान म्हणत आले. २००७ मध्ये नातेवाइकांचे एक पथक तेथील तुरुंग पाहून आले. दमयंतीताई त्यात होत्या. सारेच रिकाम्या हातांनी परतले.

बंधू-भगिनींनो, बाप्पा गावाला गेले की पितृपक्ष लागतो. कावेरीच्या घाटावर आपण आपल्या गेलेल्यांना तीळ-पाणी देतो, मन थोडे हलके होते. ज्या घरी निरोपच पोहोचला नाही, त्या घराने काय करायचे? तीळ-पाणी द्यावे तर आपणच त्याला मारल्यासारखे होते आणि न द्यावे तर जीव टांगणीला. हे घर पन्नासहून अधिक वर्षे असेच राहिले आहे.

काही ज्येष्ठ म्हणतात, इतकी वर्षे झाली, आता मानून घ्यावे. त्यांचा हेतू चांगलाच आहे. पण मानून घ्यायचे की नाही, हा हक्क घरच्यांचा आहे. आपण दूर कुंभकोणममध्ये बसून एका हाराने तो निकाल लावू नये. आदर करायचा तर त्या घराने जे धरून ठेवले, त्याचाही करावा.

म्हणून माझी विनंती. या तसबिरीला हार नको, नावाआधी 'कै.' नको. खाली एवढेच लिहावे : '५ डिसेंबर १९७१ पासून बेपत्ता'. आणि शेजारच्या नाचियारकोविलची पितळी समई तसबिरीपुढे लावावी. गेलेल्यासमोरही दिवा लावतात आणि वाट पाहणाऱ्या घरातही लावतात. त्यात कोणाचाच अवमान नाही. दरवर्षी ५ डिसेंबरला मुलांना जमवून ही हकीकत सांगावी. आपल्या तमिळ मित्रांच्या मुलांनाही बोलवावे. विमान उडवणाऱ्याचे नाव लोकांच्या तोंडी राहिले, तर तो पुरता हरवला असे होणार नाही.



जय हिंद! गणपती बाप्पा मोरया!