मूल शाळेतून घरी येते तेव्हा



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास १८७५ साली पाडली. पुण्याच्या हवेला तो शब्द शोभतो. आपल्या नागपुरात हा ऋतू पारा पंचेचाळिसावर नेऊन ठेवतो, आणि तरीही जमिनीची धग निवलेली नसताना आपण घाम टिपीत येथे येऊन बसता, यावरून नागपूरकरांच्या श्रवणभक्तीची कल्पना यावी. आजचा विषय आम्ही या उन्हाळ्यालाच धरून निवडला आहे. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे तुमच्याआमच्या घरातले शाळकरी पोर अजून काही आठवडे घरातच आहे. एरवी ते शाळा, शिकवणी आणि व्हॅन यांच्या मध्ये कोठेतरी असते. आपल्या हाती लागते ते त्याचे दप्तर.

शाळेचे दिवस असले म्हणजे घरोघरी संध्याकाळी एक संवाद होतो. आई विचारते, "काय झालं आज शाळेत?" पोर म्हणते, "काही नाही." संवाद संपला. या 'काही नाही'मध्ये काय काय असते याचा थोडा विचार आपण आज करू.

पुष्कळ वेळा त्यात खरोखरच काही नसते. मुलाला भूक लागलेली असते आणि प्रश्नाचा कंटाळा आलेला असतो. पण कधी कधी त्यात एक डबा असतो, जो मधल्या सुटीत कोणीतरी रोज उघडून वास घेऊन नाक मुरडतो. व्हॅनचे मागचे बाक असते, जेथे एकाच मुलाला रोज मधोमध कोंबून बसवतात आणि त्याची टोपी खिडकीबाहेर धरतात. एक टोपणनाव असते. ते रंगावरून, जाडीवरून, चष्म्यावरून, तोतरेपणावरून, बापाच्या धंद्यावरून पडलेले असते. इंग्रजीत या प्रकाराला बुलिंग म्हणतात. मराठीत त्याला नेमका एक शब्द नाही. चिडवणे, खोड्या काढणे, दादागिरी, टोळीबाहेर टाकणे असे चार शब्द आपण चार ठिकाणी वापरतो. शब्द एक नाही म्हणून गोष्टही नाही, अशी मात्र आपली समजूत झालेली दिसते.

चिडवणे आणि छळणे यांत फरक आहे आणि तो ओळखणे फारसे अवघड नाही. दोघे एकमेकांना चिडवतात, दोघे रडतात, दोघे दुसऱ्या दिवशी एकाच सायकलवरून जातात, तेथे मोठ्यांनी तोंड घालू नये. नॉर्वेचे डॅन ओल्वेयस नावाचे मानसशास्त्रज्ञ या विषयाचे आद्य अभ्यासक. त्यांनी तीन खुणा सांगितल्या: त्रास जाणूनबुजून दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो, आणि ज्याला तो होतो त्याला उलट उत्तर देण्याची ताकद नसते. तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. ही ताकद दंडाचीच असते असे नाही. चार जण एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला, एवढ्यानेही ती ठरते.

नॉर्वेत हा विषय ऐरणीवर आला तो फार मोठी किंमत देऊन. १९८२ च्या अखेरीस तेथील तीन शाळकरी मुलांनी जीव दिला, आणि सोबत्यांनी केलेला छळ हे त्याचे कारण मानले गेले. दुसऱ्याच वर्षी सरकारने देशभर मोहीम काढली. बर्गन शहरात ओल्वेयस यांनी सुमारे अडीच हजार मुलांवर दोन वर्षे नजर ठेवली, तेव्हा छळाचे प्रकार जवळजवळ निम्म्यावर आलेले त्यांना आढळले. त्यात जादूटोणा काही नव्हता. मधल्या सुटीत शिक्षक मैदानात हजर राहू लागले, वर्गात या गोष्टीबद्दल उघड नियम झाले, आणि आईबापांना शाळेत बोलावून विषय समजावण्यात आला. मधल्या सुटीत शिक्षक मैदानात असणे हा उपाय आपल्याकडे किती शाळांतून होतो, हे ज्याने त्याने आपल्या पोराला विचारून पाहावे. छळ फळ्यासमोर होत नाही. तो नळापाशी, जिन्यात, स्वच्छतागृहात आणि व्हॅनमध्ये होतो. आता त्यात वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपची भर पडली आहे. पूर्वी शाळा सुटली की मूल सुटत असे. आता त्याच्या फजितीचे छायाचित्र स्टिकर होऊन रात्री नऊ वाजता त्याच्याच उशाशी येते.

नॉर्वे आपल्याला लांब आहे असे कोणी म्हणेल. मग जवळचे उदाहरण घेऊ. साताऱ्याच्या शाळेत एक मुलगा होता. त्याला वर्गात आपल्या क्रमांकाप्रमाणे बसता येत नसे. कोपऱ्यात स्वतंत्र गोणपाटावर बसावे लागे. ते गोणपाट शाळेचा झाडूवाला शिवत नसे, म्हणून संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान तशीच. हे त्या मुलाने मोठेपणी स्वतः लिहून ठेवले आहे. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखोंच्या समुदायासमोर ज्या भूमीवर ते उभे राहिले, ती दीक्षाभूमी आपल्या याच शहरात आहे.

हे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतले. तेथे छळ करणारा कोणी एक द्वाड पोर नव्हता. सगळी शाळा नियमाप्रमाणे चालली होती, शिक्षक शिकवीत होते, मुले अभ्यास करीत होती, आणि कोणाला काही खटकत नव्हते. गोणपाट गेले, कायदे झाले, हे खरे. पण नवीन मुलगा वर्गात आला की "तुझं आडनाव काय?" हा प्रश्न कशासाठी विचारला जातो, हे आपणांस ठाऊक आहे. आठ वर्षांच्या मुलाला आडनावांचा हा हिशेब कोणी शिकवला? शाळेत तो विषय नाही. तो आपल्या जेवणाच्या टेबलावर शिकवला जातो. आपण शेजाऱ्याबद्दल, कार्यालयातल्या साहेबाबद्दल, घरकामाच्या बाईबद्दल जे बोलतो, ते पोर वरणभाताबरोबर गिळते आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत ओकते.

बोलीचेही तेच. भंडाऱ्याकडचे किंवा वर्ध्याकडचे एखादे पोर वडिलांच्या बदलीमुळे येथे येते, 'मले', 'तुले' म्हणते, आणि वर्ग खो खो हसतो. हसणाऱ्यांपैकी निम्मे घरी गेल्यावर "मी जेवून राहिलो" म्हणतात ते सोडून द्या! पुण्यामुंबईचे लोक आपल्या बोलीला हसतात म्हणून आपण चिडतो, आणि आपली मुले तेच पलीकडच्या तालुक्यातल्या मुलाला करतात. ज्या पोराची भाषा हसण्यावारी गेली, ते पुढे वर्गात हात वर करीत नाही. उत्तर येत असूनही करीत नाही. गुणपत्रिकेवर त्याची नोंद 'अभ्यासात लक्ष नाही' अशी होते.

आता आईबापांनी काय करावे? पहिली गोष्ट, मुलाने एखाद्या दिवशी तोंड उघडलेच तर "तू काय केलं होतंस?" हा प्रश्न गिळावा. तो न्यायबुद्धीने विचारलेला असतो, पण मुलाला त्यात निकाल ऐकू येतो. तसेच "तूही दे ठेवून दोन!" हा बहुतेक बापांचा सल्ला. दोन ठेवून देता आले असते तर ते पोर तुमच्यापाशी आलेच नसते.

या ठिकाणी काही मंडळींना 'श्यामची आई' आठवते. पोहायला भिणाऱ्या श्यामला आईने शिंपटीने मारून विहिरीवर धाडले. मुले खंबीर करायची ती अशी, असे ते म्हणतात. साने गुरुजींचे ते पुस्तक १९३५ साली निघाले, आणि तेव्हापासून हा प्रसंग अर्धाच सांगितला जातो. त्याच आईचे डोळे पाठीवरचे वळ पाहून भरून आले, हा दुसरा अर्धा. शिवाय विहिरीचे पाणी श्यामशी वैर धरून नव्हते. पाण्याची भीती पाण्यात उतरून जाते. चार जणांच्या टोळीची भीती टोळीत ढकलून जात नाही.

तेव्हा ऐकून घ्यावे, आणि लिहून ठेवावे. कोणत्या दिवशी, कोठे, कोण, कोणी पाहिले, एवढे चार शब्द. समोरच्या मुलाच्या घरी तावातावाने जाऊ नये. तेथे दोन बापांचे भांडण होते आणि मुलांचा प्रश्न बाजूला राहतो. वर्गशिक्षकांना भेटावे, आरोप न करता नोंदी दाखवाव्या, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा भेटावे. ही दुसरी भेट फार थोडे पालक घेतात. शिक्षकच त्रास देत असेल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे सतरावे कलम आहे; शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला त्याने मनाई केली आहे. आणि मूल फार घाबरलेले असेल, किंवा प्रकार अंगाशी येणारा असेल, तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी मुलांनाही पाठ असू द्यावा. पाढ्यांपेक्षा तो सोपा आहे.

आमचे एवढे बोलणे ऐकताना आपणांपैकी प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपले मूल छळ सोसणारे म्हणून उभे राहिले असेल. हिशेबाने पाहता हे शक्य नाही. सोसणारे आहेत तर छळणारेही कोणाच्या तरी घरचेच असणार, आणि ते काही वेगळ्या गावाहून येत नाहीत. शाळेतून निरोप आला की "आमचा बंड्या तसा नाही" हे वाक्य बापाच्या तोंडून श्वासासारखे बाहेर पडते. ते एकदा रोखून पाहावे. बंड्याला मारून काही साधत नाही; मोठा लहानाला मारू शकतो हे त्याला ठाऊकच आहे, तोच तर त्याचा धंदा आहे. त्याला समोर बसवून, ज्याला त्याने त्रास दिला त्याचे नाव घेऊन, काय केलेस ते सांग म्हणावे आणि तो सांगेपर्यंत उठू नये. मग भरपाई काय करणार हे त्यालाच ठरवू द्यावे.

आणि तिसरे एक मूल असते, जे नुसते पाहत उभे असते. अशीच मुले सर्वांत अधिक. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पाहणाऱ्यांना धरूनच शाळांसाठी एक कार्यक्रम बसवला. हसणारे हसले नाहीत तर दादाचा खेळ रंगत नाही, असे त्यांचे म्हणणे. आपल्या मुलाला शूर व्हायला सांगण्याची गरज नाही. डबा घेऊन त्या एकट्या पोराशेजारी जाऊन बस, एवढे सांगितले तरी पुष्कळ आहे.

हे सर्व मुलाने सांगावे कसे, हा प्रश्न राहतोच. समोरासमोर बसवून उलटतपासणी घेतल्याने मूल बोलत नाही. ते बोलते हात कामात असताना आणि डोळे दुसरीकडे असताना. म्हणून आम्ही घरातल्या गमतीजमतीला करमणूक समजत नाही. दुपारी कूलरसमोर बदाम सात किंवा झब्बू मांडावा. पत्ते पिसता पिसता जे कानी येते ते पालकसभेत येत नाही. कुरड्यांसाठी गहू भिजत घातले असतील तर चीक घोटायला पोरांना बसवावे. अर्धा चीक पोटात जाईल, जाऊ द्यावा. अजब बंगल्यात, महाराजबागेत किंवा मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात न्यावे, पण परत आल्यावर निबंध लिहायला लावू नये. उन्हाळी शिबिरांची आजकाल फार चलती आहे. त्यांना आमचा विरोध नाही, मात्र सुटीतही वेळापत्रक आणि शिट्टी असेल तर ती शाळाच झाली, फक्त गणवेश निराळा.

पावसाळ्यात आपला तान्हा पोळा आहे. बाकीच्या महाराष्ट्राला हे सुख ठाऊक नाही. लाकडी बैल सजवून पोरे घरोघर नेतात आणि बोजारा मिळवतात. हल्ली मुलांऐवजी बापांमध्येच बैलाच्या उंचीची चढाओढ लागते. वीतभर बैल आणि पोराने स्वतः चिकटवलेला वाकडा झूल एवढ्यावर काम भागते. बैल ओढत दहा घरी जाताना ज्याच्याशी शाळेत कोणी बोलत नाही अशा मुलालाही सोबतीला बोलवावे. मिळालेला बोजारा मोजताना भांडण होईल, आणि ते भांडण बरोबरीचे असेल.

त्याच दिवशी मारबतींची मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी मारबत १८८० च्या दशकापासून या शहरातली पीडा बाहेर नेत आहेत, आणि बडग्यांच्या गळ्यात महागाईपासून लाचलुचपतीपर्यंत सगळ्यांच्या पाट्या असतात. आमची सूचना अशी की घरातही रद्दीचा एक छोटा बडग्या करावा. प्रत्येकाने, आजीपासून धाकट्यापर्यंत, घरातून किंवा शाळेतून काय हाकलायचे ते चिठ्ठीवर लिहून त्याला चिकटवावे. नाव घालू नये. 'बाबांचं ओरडणं' अशी एक चिठ्ठी निघेल, तिची तयारी ठेवावी. आणि 'व्हॅनमधली मागची सीट' अशी एखादी निघाली, तर चार माणसांच्या घरात अक्षर कोणाचे हे विचारावे लागत नाही.