घरी थांबलेल्या विशेष शिक्षिकांनी परत यावे
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो आपल्या समारंभांतून सहसा निघत नाही. कोणाच्या मुलाला दहावीस किती टक्के पडले याची चर्चा घरोघर होते. परंतु ज्या मुलास ऐकू येत नाही, दिसत नाही किंवा ज्याची समज वयाच्या मानाने सावकाश वाढते, त्याला शिकविणार कोण, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. अशा मुलांना शिकविण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या भगिनी आपल्या समाजातही आहेत. लग्न, बाळंतपण, सासू-सासऱ्यांचे आजारपण, पतीची आखातातील नोकरी अशा कारणांनी त्यांतील काहींनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी शाळा सोडली. त्यांनी पुन्हा वर्गात यावे आणि आपण त्यांना येऊ द्यावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

कुरआन शरीफातील 80 वी सूरत ‘अबस’ आपल्याला ठाऊक आहे. शिकण्याच्या ओढीने आलेल्या अंध माणसाकडे दुर्लक्ष होऊ नये, हा तिच्या आरंभीचा बोध आहे. ते अंध सहाबी म्हणजे हजरत इब्न उम्मे मक्तूम. पुढे मदीनेत अजान देण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि पैगंबर साहेब (स.) बाहेर गेले असता मदीनेची जबाबदारीही त्यांच्यावर सोपविली गेली. अपंग मूल म्हणजे केवळ दयेचा विषय, असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

आता परत येऊ इच्छिणाऱ्या भगिनींना दोन शब्द. आपण घरी होता त्या काळात पुष्कळ बदल झाले. 1995 च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. त्याच्या जागी आलेला 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 2017 साली अंमलात आला आणि त्यात 21 प्रकार आहेत. स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचाही त्यांत समावेश झाला. ‘मतिमंद’ हा शब्द मागे पडून ‘बौद्धिक अक्षमता’ हा शब्द आला. 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. त्यामुळे विशेष शिक्षकाचे काम आता केवळ विशेष शाळेपुरते राहिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली सर्वसाधारण शाळांसाठीही प्रमाण सांगितले: प्राथमिक स्तरावर अशा 10 मुलांमागे 1 विशेष शिक्षक, त्यापुढे 15 मुलांमागे 1. म्हणजे आपली गरज वाढलेली आहे.

पहिले काम नोंदणीचे. 1992 च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. ही नोंदणी ठराविक मुदतीची असते. आपले प्रमाणपत्र पेटीतून काढून तारीख पाहावी. मुदत टळली असल्यास नूतनीकरणासाठी उजळणी वर्ग करावे लागतात. ते ओझे मानू नये. बदललेले सारे तेथेच कळते. त्यानंतर एकदम पूर्ण वेळेची नोकरी न धरता काही आठवडे एखाद्या शाळेत सहाय्यक म्हणून बसावे.

मूळ विद्या मात्र बदललेली नाही. शर्टाचे बटण लावणे घ्या. आपल्याला ते एक काम वाटते. विशेष शिक्षिका त्याच्या पायऱ्या पाडते. बटण धरणे, काज धरणे, बटण काजात अर्धे सारणे आणि पलीकडून ओढून घेणे. पहिल्या तीन पायऱ्या ती स्वतः करते व शेवटची मुलाकडून करविते. काम आपण पुरे केले, हा आनंद मुलास पहिल्याच दिवशी मिळतो. मग शेवटच्या दोन पायऱ्या, मग तीन. ही पद्धत एकदा हाती बसली की सहसा विसरत नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्या घरांत कोठे कोकणी बोलतात, कोठे दखनी, कोठे उर्दू. शाळा मात्र बहुधा मराठी. उशिरा बोलू लागलेले मूल पहिले शब्द घरच्या बोलीत बोलते. त्याचे अस्फुट ‘पानी’ ओळखणारी शिक्षिका वर्गात असली, तर मूल पुढचा शब्द बोलण्यास धजते. म्हणून आपल्या घरांतील प्रशिक्षित शिक्षिका घरीच राहणे समाजाला परवडणारे नाही.

पालक बंधूंनो, सुनेने वा पत्नीने ‘पुन्हा शाळेत जाऊ का?’ असे विचारले, तर केवळ परवानगी देऊन भागत नाही. सकाळचा डबा, लहानग्यांना मदरशात पोचविणे, आजाऱ्याचे औषधपाणी यांतील वाटा पुरुषांनी उचलावा. नाही तर ती दोन महिन्यांत थकून घरी बसेल आणि आपण म्हणू, ‘तिला झेपले नाही.’ तसेच ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी लोकलज्जेस्तव त्याला पाहुण्यांपासून लपवू नये. दिव्यांगत्वाचा दाखला काढून घ्यावा आणि मुलाचे नाव शाळेत घालावे. बोलणे व स्वावलंबन शिकण्याची लहानपणची वर्षे फार मोलाची असतात.

विद्यार्थी मित्रांनो, बारावी वा पदवीनंतर विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमाचाही विचार करा. या क्षेत्रात माणसे हवी आहेत.

संस्थेस माझी नम्र सूचना आहे की आपल्या भागातील अशा प्रशिक्षित भगिनींची यादी करावी आणि त्यांच्या उजळणी वर्गाची फी शिष्यवृत्ती निधीतून द्यावी. येत्या मेळाव्यात त्यांतील दोघी जरी शिक्षिका म्हणून आपल्यासमोर उभ्या राहिल्या, तरी काही मुलांचे दिवस इन्शाअल्लाह पालटलेले असतील.