बाटली नंबर 53-एन



2021 चा मार्च आठवून बघा. महापालिकेच्या शाळेतला एक वर्ग, मुलांची बाकं भिंतीला सरकवलेली, मध्ये लांब लांब मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. साठीच्या पुढच्यांना कोविडची लस द्यायला नुकती सुरुवात झाली होती. टोचून झालं की अर्धा तास तिथंच बसायचं, मगच घरी. मी माझ्या आत्याला घेऊन गेलो होतो. तिनं टोचून घेताना तोंडातून अवाक्षर काढलं नाही. खुर्चीत बसली आणि दहाएक मिनिटांनी नर्सला म्हणाली, "बाई, मला आता काही झालं तर तुम्हाला दिसेल, ते खरं. पण ते पुढं कुणाला कळवाल का तुम्ही?"

नर्स हसली. म्हणाली, "आजी, फॉर्म असतो त्याचा."

आत्याचा प्रश्न मला तेव्हा विक्षिप्त वाटला होता. पुढं प्लेगच्या काळातल्या लसीविषयी वाचत गेलो आणि लक्षात आलं, की सव्वाशे वर्षांपूर्वी याच प्रश्नानं एका मोठ्या शास्त्रज्ञाची उमेदीची वर्षं खाल्ली होती. आज ती हकिकत सांगतो.

1896 चा सप्टेंबर. मुंबईतल्या मांडवी भागात लोक तापानं आणि जांघेत, काखेत गाठ येऊन पटापट दगावू लागले. हा प्लेग आहे हे ओळखलं डॉ. अकासियो व्हिएगश यांनी. ते मूळचे गोव्याचे. महिन्याभरात सरकारनं पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून आलेल्या एका शास्त्रज्ञाला मुंबईत बोलावून घेतलं. ते वाल्देमार हाफकिन. जन्म ओडेसाचा, धर्मानं ज्यू, वय 36. पटकीवरची लस करून ते 1893 मध्ये हिंदुस्थानात आले होते आणि बंगालमध्ये गावोगाव ती टोचत फिरले होते. मुंबईत त्यांना जागा मिळाली ग्रँट मेडिकल कॉलेजात. जागा कसली, एक खोली आणि एक बोळ. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई.

तिथं त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. कशी, ते ऐकण्यासारखं आहे. मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवायचे. पण गोमांस वापरलं तर हिंदू टोचून घेणार नाहीत, डुकराचं वापरलं तर मुसलमान. म्हणून हाफकिननी बोकडाचं मांस घेतलं. रश्श्यावर थोडं तूप सोडायचं. त्या तुपाच्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढतात, गुहेच्या छताला क्षार लोंबतात तसे. चंबू हलवला की ते खाली पडतात आणि वर पुन्हा नवे धरतात. मग सगळं तापवून जंतू मारायचे. मेलेल्या जंतूंचं हे पाणी म्हणजे लस. सहीसाठी फॉर्म पुढं करण्याआधी समोरच्या माणसाच्या ताटाचा विचार करणारा हा शास्त्रज्ञ मला फार आवडतो.

10 जानेवारी 1897 रोजी हाफकिननी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतलं. मात्रा 10 घन सेंटिमीटर, म्हणजे पुढं लोकांना दिली त्यापेक्षा कितीतरी जास्त. सडकून ताप आला, हात ठणकला, पण ते कामावर जात राहिले. महिनाअखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या दीडशेच्या आसपास कैद्यांनी लस घेतली, साधारण तेवढ्याच कैद्यांनी घेतली नाही. न घेतलेल्यांत 12 जणांना प्लेग झाला आणि त्यातले 6 गेले. घेतलेल्यांत 2 जणांना झाला, गेलं कुणीच नाही. कैदी स्वेच्छेनं पुढं आले असं कागदोपत्री आहे. तुरुंगातली स्वेच्छा कितपत स्वेच्छा असते, हा प्रश्न मात्र आज कुठलीही नैतिकता समिती विचारल्याशिवाय राहणार नाही.

आता बाहेर काय चाललं होतं? मुंबईत लस येण्याआधी सक्ती आली होती. रोगी उचलून इस्पितळात न्यायचा, घर रिकामं करायचं, सामान जाळायचं. 29 ऑक्टोबर 1896 रोजी हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. गिरणीतल्या एका बाईला प्लेगच्या संशयावरून तिथं नेलं होतं, तेवढं निमित्त पुरलं. 1897 च्या फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा झाला. पुण्यात गोरे शिपाई घराघरांत शिरले, देवघरापर्यंत गेले. त्याचा शेवट 22 जूनच्या रात्री प्लेगचा बंदोबस्त पाहणाऱ्या रँडवर झाडलेल्या गोळीत झाला, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. शिपाई आणि सुई दोन्ही एकाच सरकारची. लोकांनी दोन्हींना एकाच रांगेत बसवलं, यात नवल नाही.

त्यामुळे अफवांना ऊत आला. सुई म्हणे गजभर लांब असते. टोचलं की पुरुषाचं पुरुषत्व जातं, बाई वांझ होते. टोचल्यावर माणूस तिथंच मरतो, आणि वाचलाच तर सहा महिन्यांनी मरतो. ओळखीचं वाटतंय ना? 2021 च्या जानेवारीत नपुंसकत्वाची ही अफवा आपल्या औषध महानियंत्रकांना पत्रकार परिषदेत खोडून काढावी लागली होती. सव्वाशे वर्षांत मरणाची मुदत सहा महिन्यांवरून दोन वर्षांवर गेली आणि तोंडी बातमीचा व्हॉट्सअ‍ॅप झाला, एवढाच फरक.

अडाणी म्हणून हसून सोडून द्यावं असं हे नाही. कारण त्याच काळात मुंबईत हजारो लोक आपणहून दंड पुढं करत होते. खोजा समाजाचे प्रमुख आगाखान तेव्हा जेमतेम 19 वर्षांचे. त्यांनी लोकांसमोर टोचून घेतलं आणि ही बातमी जमातीत पोचेल अशी व्यवस्था केली. मग त्यांच्या मागोमाग खोजांचा मोठा हिस्सा आला. प्रयोगशाळेसाठी त्यांनी स्वतःचा बंगलाही दिला. हुबळीत तर गावातल्या बहुसंख्य लोकांनी लस घेतली. लस तीच, सुई तीच. पण ती घ्या असं सांगणारा माणूस आपला होता.

दुसरं आमिष होतं दाखल्याचं. लस घेतल्याचा दाखला दाखवला की प्रवासातली अडवणूक आणि घरातून हलवणं यांतून सवलत मिळे. 15 ऑगस्ट 2021 पासून मुंबईच्या लोकलचा पास दोन डोस घेतलेल्यांनाच मिळायला लागला, तेव्हा केंद्रांवरची रांग कशी लांबली ते आपण पाहिलंय. माणूस जिवासाठी जितका धडपडतो, त्याहून थोडा जास्त आठ बाविसच्या फास्टसाठी धडपडतो.

10 ऑगस्ट 1899 रोजी हाफकिनची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये आली. जिथं लाटसाहेब राहायचे, तिथं आता लसीचे चंबू मांडले गेले. मग पंजाबात प्लेग भडकला आणि 1902 मध्ये तिथल्या सरकारनं लाखोंना लस टोचायचं ठरवलं. मागणी एवढी, की जुन्या पद्धतीनं लस पुरी पडेना. हाफकिननी काम झटपट होण्यासाठी पद्धतीत बदल केला. पूर्वी लसीत कार्बोलिक अ‍ॅसिड घालत, म्हणजे बाहेरून एखादा जंतू शिरलाच तर तो वाढू नये. ते आता वगळलं आणि निर्जंतुक करण्याचं काम फक्त उष्णतेवर सोपवलं. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये असंच करत, म्हणजे ही पदरची कल्पना नव्हती.

30 ऑक्टोबर 1902. पंजाबच्या गुजरात जिल्ह्यातलं मलकोवाल गाव. त्या दिवशी पाच बाटल्यांतून 107 जणांना टोचलं. त्यातल्या एका बाटलीचा नंबर 53-एन. तिच्यातून 19 जणांना लस मिळाली. आठवडाभरानं त्या 19 जणांचे जबडे आवळायला लागले. धनुर्वात. 19 च्या 19 गेले. बाकी चार बाटल्यांतली लस घेतलेल्या एकालाही धनुर्वात झाला नाही.

इथं थांबून एक गोष्ट सांगायला हवी. आत्या ज्या अर्ध्या तासासाठी खुर्चीत बसली होती, त्या अर्ध्या तासानं मलकोवालमध्ये कुणीच वाचलं नसतं. तो अर्धा तास असतो टोचल्याबरोबर येणाऱ्या तीव्र अ‍ॅलर्जीसाठी. धनुर्वाताला दिवस लागतात. मलकोवालमध्ये दोष कुठं होता ते शोधता आलं, ते बाटलीवर नंबर होता आणि कुठल्या बाटलीतून कुणाला दिलं याची नोंद होती म्हणून. त्या नोंदीमुळेच हे कळलं, की लस विषारी नव्हती, एक बाटली बिघडली होती.

ती बिघडली कुठं? सरकारनं चौकशी आयोग नेमला, अध्यक्ष मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स. आयोगाचा निष्कर्ष असा, की बाटली परळलाच दूषित झाली, ती उघडण्याच्या कितीतरी आधी. कार्बोलिक वगळल्याचा ठपका आला. हाफकिनना संचालकपदावरून दूर केलं, बिनपगारी रजेवर पाठवलं.

पण साक्षीपुराव्यात दुसरंच काही पडलेलं होतं. त्या दिवशी बाटलीचं बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. तो ज्योतीवर धरून निर्जंतुक करायला हवा होता. त्यानं तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता खळबळला आणि त्याच चिमट्यानं बूच उपसलं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय लस भरून 41 दिवस झाले होते. इतके दिवस ते जंतू आत वाढत असते तर बाटली उघडल्यावर दुर्गंधी सुटली असती. उघडणाऱ्या डॉक्टरला कसलाही वास आलेला नव्हता.

हे सगळं कागदात होतं, आणि कागद सरकारकडे होते. ते लोकांसमोर यायला चार वर्षं लागली. मग मात्र रोनाल्ड रॉस उभे राहिले. मलेरिया डासांतून पसरतो हे दाखवणारे, नोबेल मिळालेले रॉस. जुलै 1907 मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्यांचं आणि इतर नामवंत जंतुशास्त्रज्ञांचं पत्र आलं. परळच्या प्रयोगशाळेवरचा आरोप सिद्ध होत नाही, असं त्यांनी बजावलं. त्या वर्षाच्या अखेरीला हाफकिनना पुन्हा बोलावलं गेलं. ते कलकत्त्याला आले, पण परळची खुर्ची काही मिळाली नाही. निवृत्त झाले, युरोपात गेले आणि 1930 मध्ये लोझानला वारले. परळच्या संस्थेला त्यांचं नाव 1925 मध्ये दिलं गेलं होतं, एवढं त्यांच्या हयातीत झालं.

माझ्या मते सरकारची चूक चौकशी करण्यात नव्हती, ती करायलाच हवी होती. चूक होती ती कागद दाबून ठेवण्यात. मधल्या चार वर्षांत पंजाबातल्या शेतकऱ्याला एवढंच कळलं, की टोचल्यावर 19 माणसं मेली आणि साहेबाला घरी पाठवलं. त्यानं काय समजायचं?

आता पुन्हा आपल्या साथीकडे येऊ. 16 जानेवारी 2021 ला लसीकरण सुरू झालं, तेव्हा दोन लसींपैकी एकीचे तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष हाती आले नव्हते. खुद्द डॉक्टर बिचकत होते. नपुंसकत्वाची अफवा खोडणाऱ्या त्याच पत्रकार परिषदेत लसी '110 टक्के सुरक्षित' असल्याचं सांगितलं गेलं. मला हा आकडा अफवेइतकाच खटकतो. शंभरात एकशे दहा बसत नाहीत हे सातवीतल्या पोराला कळतं, आणि मग तो बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही.

याउलट मे 2021 मध्ये काय झालं पाहा. कोविशील्डचीच लस युरोपात दुसऱ्या नावानं दिली जात होती आणि तिच्यानंतर रक्तात गुठळ्या होण्याच्या तक्रारी तिथून आल्या होत्या. लसीनंतरच्या दुष्परिणामांची तपासणी करणाऱ्या आपल्या राष्ट्रीय समितीनं इथल्या गंभीर घटना तपासल्या आणि जाहीर केलं, की अशा शक्यतेच्या 26 घटना सापडल्या, म्हणजे दहा लाख डोसांमागे 0.61. धोका आहे, एवढा आहे, आणि टोचल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत अमुक लक्षणं दिसली तर दवाखाना गाठा. असं सांगितलं की माणूस घाबरत नाही, हिशेब करतो. 2024 मध्ये इंग्लंडमधल्या खटल्यातून हीच गोष्ट पुन्हा बातम्यांत आली आणि घरोघरी घबराट झाली. ज्यांनी तीन वर्षांपूर्वी लस घेतली होती, त्यांचा धोक्याचा काळ कधीच मागं पडला होता. पण 2021 चं ते निवेदन किती जणांपर्यंत पोचलं होतं?

त्या दिवसांतली एक तक्रार तुम्हालाही आठवत असेल. दहा माणसं जमल्याशिवाय बाटली उघडत नाहीत. उघडली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. आम्ही नऊ जण दहाव्याची वाट बघत बसलो होतो आणि सगळे करवादत होतो. पण उघड्या बाटलीत एकदा जंतू शिरला की तिच्यातून टोचून घेणारा प्रत्येक जण त्याच्या तावडीत सापडतो. 53-एन ही अशीच, एका वेळी अनेकांना पुरणारी बाटली होती.

आत्याचं प्रमाणपत्र अजून तिच्या कपाटात आहे, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत. त्यावर बॅच नंबर छापलेला आहे. तुमच्या नातवंडाला पुढच्या वेळी टोचायला न्याल, तेव्हा लसीचं नाव, तारीख आणि बॅच नंबर कार्डावर लिहिला आहे का, एवढं बघा. नसेल तर नर्सबाईंना विचारा. त्या रागावणार नाहीत. आणि रागावल्या तरी विचारा.