दुसऱ्या पसंतीचं मत

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी राजकारणातला माणूस नाही. इंजिनियरिंग केलं आणि सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. आजचा विषय आहे ‘स्थानिक निवडणुका आणि आपण’. मला बोलावण्याचं कारण एवढंच, की मी काही वर्षं न्यूझीलंडमध्ये राहिलो आणि तिथल्या सगळ्यात छोट्या निवडणुकीत मत दिलं. त्या मतानं मला जे शिकवलं, ते इथं राहून आधीच शिकायला हवं होतं. म्हणून सांगतो.

वेलिंग्टन ही न्यूझीलंडची राजधानी. शहराच्या उत्तरेला टावा नावाचं उपनगर आहे. वस्ती साधारण पंधरा हजार. दरीतलं गाव, मधून ओढा वाहतो, बाजूनं लोकलची लाइन जाते. १९८९पर्यंत टावाची स्वतःची नगरपालिका होती. त्या वर्षी देशभर स्थानिक संस्थांची फेररचना झाली आणि टावा वेलिंग्टन महापालिकेत गेलं. मोठ्या शहरात छोट्या वस्तीचा आवाज हरवू नये म्हणून याच फेररचनेत ‘कम्युनिटी बोर्ड’ आली. टावाच्या बोर्डावर सहा सदस्य लोक थेट निवडतात, आणि त्या भागातले दोन नगरसेवक त्यात बसतात.

या बोर्डाला अधिकार किती? फारच थोडे. कर लावता येत नाही, कर्मचारी नेमता येत नाहीत, जमीन घेता-विकता येत नाही. वस्तीचं म्हणणं महापालिकेपुढं मांडायचं, रस्ते, पाणी, उद्यानं यांवर लक्ष ठेवायचं, दरवर्षी खर्चाबाबत वस्तीच्या मागण्या कळवायच्या. एवढंच काम. तरीही त्यासाठी लोक उभे राहतात.

तिथं स्थानिक निवडणूक दर तीन वर्षांनी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी संपते. संपते म्हणालो, कारण मतदान पोस्टानं होतं आणि काही आठवडे चालतं. मतपत्रिका घरी येते. सोबत एक पुस्तिका येते. त्यात प्रत्येक उमेदवाराचं निवेदन, कमाल दीडशे शब्दांचं. आणखी एक गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. तिथं मत द्यायला नागरिकत्व लागत नाही. कायम राहण्याचा परवाना आणि देशात सलग एक वर्ष वास्तव्य असेल, तर नाव यादीत येतं. त्यामुळे भारतीय पासपोर्ट खिशात असताना मी टावाचा मतदार झालो.

आता माझी कबुली. पाकीट फोडलं आणि मी पहिल्यांदा काय केलं? आडनावं वाचली. आपल्याकडचं वाटेल असं नाव शोधलं. त्याच संध्याकाळी हैदराबादच्या एका मित्राचा फोन आला. त्याचाही प्रश्न तोच: ‘अपना कौन है?’

दोन दिवसांनी दारावर थाप पडली. एक बाई उभ्या होत्या, साठीच्या आसपासच्या. बोर्डासाठी उभ्या होत्या. ओढ्याकाठच्या पायवाटेबद्दल बोलल्या, पाऊस झाला की कुठं पाणी तुंबतं ते विचारलं. निघताना म्हणाल्या, “तुमची पहिली पसंती कदाचित दुसरी कुणी असेल. तसं असेल तर मला दुसरी द्याल का?”

मी गोंधळलो. रात्री घरी फोन केला तेव्हा अब्बांना हे सांगितलं. ते हसले. म्हणाले, “दुसरा नंबर कुणी मागतं का रे?”

मागतात, आणि त्यामागं गणित आहे. वेलिंग्टनमध्ये २००४पासून पसंतीक्रमानं मतदान होतं. तुमच्यापैकी काहींनी पदवीधर मतदारसंघात अशी मतपत्रिका भरली असेल. राज्यसभेवर आमदार याच पद्धतीनं खासदार पाठवतात. नावापुढं एक, दोन, तीन असे आकडे लिहायचे. हवे तितके लिहा.

समजा, सातशे लोकांनी मत दिलं आणि जागा सहा. मग जिंकण्याचा कोटा साधारण शंभर मतं. कुणाला त्याहून जास्त मिळाली, तर जास्तीचा वाटा त्याच मतदारांच्या पुढच्या पसंतीकडं जातो. कुणी सगळ्यात मागं राहिला, तर तो बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडं जातात. न्यूझीलंड यासाठी ‘मीक’ पद्धत वापरतो. त्यात एका मताचे अपूर्णांकातले तुकडे पुन्हा पुन्हा मोजावे लागतात, म्हणून मोजणी संगणकच करतो. माझ्या धंद्यातली गोष्ट असल्यामुळे मी एका रविवारी बसून तो हिशोब स्वतः लिहून पाहिला.

त्यात मी एक उमेदवार कल्पिला. आपल्या चाळीस माणसांचा लाडका, पण बाकीच्यांपैकी कुणीच त्याला आकडा दिलेला नाही. तो दर वेळी पडला. मग दुसरा घेतला. त्यालाही पहिल्या पसंतीची चाळीसच मतं, पण वस्तीतल्या बऱ्याच लोकांनी त्याला दुसरा-तिसरा क्रमांक दिलेला. तो बहुतेक वेळा निवडून आला. पहिल्या पसंतीची थोडी मतं तर हवीतच, नाहीतर माणूस सुरुवातीलाच बाद होतो. पण नुसत्या घरच्या मतांवर भागत नाही. शेजाऱ्याच्या यादीत आपण कुठंतरी असावं लागतं.

न्यूझीलंडमध्ये मुसलमान दीड टक्क्याच्या आसपास. तिथं नुसतं ‘आपला माणूस’ म्हणून कुणी निवडून येणं शक्यच नाही. महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेनुसार आपण साडेअकरा टक्के आहोत. पण शहरांत आपण काही ठरावीक मोहल्ल्यांत दाटीनं राहतो. त्यामुळे एखाद्या प्रभागात आपला नगरसेवक आपल्याच मतांवर येतो. त्याला शेजारच्या वस्तीत जावंच लागत नाही. आणि शेजारच्या प्रभागातल्या उमेदवाराला आपल्या गल्लीत यावं लागत नाही. मग दोन प्रभागांमधून जाणारा नाला कुणाचाच राहत नाही. घर भाड्यानं मिळत नाही म्हणून आपण मोहल्ल्यात राहतो, हा अन्याय आहे, आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण मोहल्ल्याची भिंत मतपत्रिकेपर्यंत नेण्याचं काम आपणही करतो.

त्या आठवड्यात मी अम्मीला विचारलं, मागच्या निवडणुकीत तू कुणाला मत दिलंस? ती म्हणाली, “सगळ्यांनी दिलं त्यालाच.” हे ‘सगळे’ कोण? आदल्या रात्री बसलेले आठ-दहा पुरुष. अम्मी नळाची वेळ, रेशन, दवाखाना या सगळ्याची माहिती त्या आठ-दहा जणांपेक्षा जास्त ठेवते. तिला कुणी विचारलं नाही. मीही तोपर्यंत विचारलं नव्हतं.

मग मी ती पुस्तिका पुन्हा उघडली. सगळी निवेदनं वाचली. उमेदवारांची एक सभा होती, तिला गेलो. तिथं कुणी धर्म विचारला नाही, कुणी देशाचं भवितव्य सांगितलं नाही. स्टेशनजवळ गाड्या लावायला जागा नाही, ग्रंथालयाच्या वेळा, ओढ्याचा पूर, असलेच प्रश्न. ज्या ओळखीच्या आडनावाला मी पहिला क्रमांक देणार होतो, त्या गृहस्थांकडं एकाही प्रश्नाचं धड उत्तर नव्हतं. मी त्यांना पाचवा दिला. पहिला क्रमांक दारावर आलेल्या बाईंना.

नंतर त्याच बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी तुम्ही उभे राहा. पण उमेदवाराला नागरिकत्व लागतं. ते घ्यायचं तर भारताचं सोडावं लागतं, कारण आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. मी बरेच दिवस विचार केला. कागद पुढं केला नाही. शेवटी परतही आलो. मात्र बोर्डाच्या बैठकीत सुरुवातीला कुणाही रहिवाशाला बोलता येतं. तिथं उभं राहून मी पायवाटेवरच्या दिव्यांबद्दल बोललो. काही महिन्यांनी लेखी उत्तर आलं: दोन दिवे लावू, बाकीच्यांना यंदा पैसे नाहीत. मी ते पत्र जपून ठेवलंय. ‘नाही’ होतं, पण कारणासकट होतं.

तिथं सगळं छान आहे, असं समजू नका. स्थानिक निवडणुकीत देशभर चाळीस टक्क्यांच्या आसपासच मतदान होतं. काही बोर्डांवर जागांइतकेच उमेदवार येतात आणि मतदानच होत नाही. आपल्याकडं प्रश्न वेगळा आहे. ७४व्या घटनादुरुस्तीनं तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. त्या झाल्या, पण त्यांवर लोक थेट कुणाला निवडत नाहीत. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि तिथं दीर्घकाळ प्रशासक बसला. रस्त्यावर त्यासाठी किती माणसं उतरली?

पसंतीक्रमाची मतपत्रिका आपल्या हातात उद्या येणार नाही. पण तिची सवय आजपासून लावता येते. उमेदवाराचं शपथपत्र प्रसिद्ध होतं, ते वाचा. प्रभाग समितीच्या बैठकीचं इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागा. घरी अम्मीला, बहिणीला विचारा की नगरसेवकाला कोणते तीन प्रश्न विचारायचे. ते लिहा आणि सगळ्या उमेदवारांना विचारा, ‘आपल्या’लाही आणि ‘त्यांच्या’लाही. मग स्वतःसाठी एका कागदावर सगळ्यांना आकडे द्या. मत एकालाच पडेल, पण बाकीचेही तुम्ही वाचलेले असतील.

आणि तुमच्यातल्या कुणाला कधी उभं राहायचं असेल, तर मोहल्ल्याच्या पलीकडच्या गल्लीपासून सुरुवात करा. दार ठोठवा. पाणी कुठं तुंबतं ते विचारा.

मागच्या वेळी अम्मीनं मला फोन करून विचारलं, “यादीतल्या त्या तिसऱ्या बाईनं शाळेबद्दल काय लिहिलंय, बघून सांग.” मी वाचून दाखवलं. मत कुणाला दिलं, ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही.