पॉवर सेन्सरला आधी काय विचारावे?

रेडिओ वारंवारतेचा पॉवर सेन्सर निवडताना आपली नजर सर्वात आधी डायनॅमिक रेंजवर जाते. उणे 70 ते अधिक 20 डीबीएम, म्हणजे 90 डेसिबल, हा आकडा माहितीपत्रकावर भारदस्त दिसतो. पण तो कोणत्या सिग्नलसाठी खरा आहे, हे विचारल्याशिवाय त्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

ही रेंज डायोड सेन्सरची. सुमारे उणे 20 डीबीएमपर्यंत, म्हणजे 10 मायक्रोवॉटपर्यंत, डायोड वर्ग-नियम पाळतो. त्याचे व्होल्टेज शक्तीच्या प्रमाणात वाढते, म्हणून सिग्नलचा आकार कसाही असला तरी सरासरी बरोबर येते. त्यापुढे व्होल्टेज शक्तीच्या मागे पडू लागते. ही तूट भरून काढणारा दुरुस्तीचा तक्ता सेन्सरच्या स्मृतीत असतो, पण तो तयार होतो स्थिर लहरीवर. आता 40 वॉटचा 4जी ट्रान्समीटर घ्या आणि मध्ये 40 डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर लावा. सेन्सरवर सरासरी 4 मिलिवॉट येतात, वर्ग-नियमाच्या मर्यादेच्या 400 पट. आणि 4जीच्या ओएफडीएम सिग्नलची शिखरे सरासरीच्या दहापट उंच जातात. साध्या डायोड सेन्सरमध्ये ही शिखरे आधी दबतात, कपॅसिटरवर त्यांची सरासरी निघते आणि तक्ता लागू होतो तो त्यानंतर. सरासरीत एकदा मिसळलेली चूक कोणताही तक्ता वेगळी काढू शकत नाही.

थर्मोकपल सेन्सरमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. रोधक तापतो, तापमानाच्या फरकातून व्होल्टेज मिळते आणि उष्णतेला मॉड्युलेशनचे सोयरसुतक नसते. त्याची रेंज साधारण उणे 30 ते अधिक 20 डीबीएम, म्हणजे जेमतेम 50 डेसिबल, आणि तो संथही आहे. पण त्या मर्यादेत त्याने दिलेली सरासरी खरी असते.

यावर आक्षेप येईल की हे जुने झाले. आता एकाहून अधिक मार्गांचे डायोड सेन्सर मिळतात, प्रत्येक मार्ग वर्ग-नियमातच काम करतो. आक्षेप रास्त आहे आणि अनेक कामांसाठी तेच सेन्सर घ्यावेत. प्रत्येक नमुना स्वतंत्रपणे दुरुस्त करणारे वेगवान सेन्सरही आहेत. मात्र त्यांना व्हिडिओ बँडविड्थची मर्यादा असते. 30 मेगाहर्ट्झ बँडविड्थचा सेन्सर 100 मेगाहर्ट्झ रुंदीच्या 5जी वाहिनीची शिखरे जशीच्या तशी पकडू शकत नाही. म्हणजे तंत्र बदलले तरी ‘कोणत्या सिग्नलसाठी?’ हा प्रश्न उरतोच.

दुसरी बाब मिसमॅचची, आणि माझ्या मते ती अधिक दुर्लक्षित आहे. स्रोताचा स्थायी-लहर गुणोत्तरांक 1.5 आणि सेन्सरचा 1.2 असेल, तर परावर्तन गुणांक अनुक्रमे 0.2 आणि 0.09 येतात, आणि केवळ दोघांमधल्या परावर्तनामुळे मापनात सुमारे 3.6 टक्क्यांपर्यंत कमी-जास्त फरक पडू शकतो. डेसिबलमध्ये हा फरक 0.16 भरतो, म्हणून तो किरकोळ वाटतो. पण 40 वॉटवर तो जवळजवळ दीड वॉट आहे. मर्यादेच्या काठावरचा ट्रान्समीटर त्यामुळे विनाकारण नापास होईल किंवा नको असताना पास होईल. तीच जोडणी कायम ठेवून दहा वेळा मोजले तरी तोच चुकीचा आकडा पुन्हा येतो, आणि त्या सातत्यालाच आपण अचूकता समजून बसतो. दोन्ही बाजूंचे परावर्तन कलेसह मोजले तर ही चूक गणिताने काढता येते, पण रोजच्या चाचणीत तेवढी उसंत नसते. तिथे कमी परावर्तनाचा सेन्सर हाच व्यवहार्य उपाय.

म्हणून माझी विनंती अशी की, निविदेत आधी आपला सिग्नल लिहा: त्याची रुंदी, शिखर-सरासरी गुणोत्तर आणि सेन्सरवर येणारी पातळी. मग त्या पातळीवर मॉड्युलेटेड सिग्नलची सरासरी किती अनिश्चिततेने मिळेल, हे पुरवठादाराला लेखी विचारा. आणि सेन्सर अंशशोधनाला पाठवाल तेव्हा प्रयोगशाळेकडून कॅलिब्रेशन फॅक्टरबरोबर प्रत्येक वारंवारतेचा परावर्तन गुणांकही मागवा. मागच्या वर्षीच्या आकड्यांशेजारी तो ठेवला की झिजलेला कनेक्टर तिथेच ओळखू येतो.